तांबरमच्या वाटेवर

चेन्नईस जाणारा आपला मराठी प्रवासी बहुधा मरिनाचा किनारा पाहतो, मैलापूरला कपालीश्वराचे दर्शन घेतो, सवड असेल तर महाबलिपुरमची रथमंदिरे पाहून येतो आणि परतीच्या गाडीत बसतो. तांबरम हे नाव त्याच्या कानांवर पडते ते केवळ उपनगरी गाडीच्या पाटीमुळे. मुंबईकरास जसे विरार किंवा कर्जत, तसे चेन्नईकरास तांबरम. पुष्कळशा गाड्या तेथे जाऊन थांबतात, एवढाच काय तो परिचय.

तरीही, वाचकहो, या खेपेस आपण माझ्याबरोबर तांबरमला चलावे. डोळ्यांना सुखविणारे तेथे फारसे काही नाही, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु आपल्या घरातील कोणाला तरी कधी ना कधी रक्त चढवावे लागलेले असते. बाळंतपणात, अपघातात, शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा डेंग्यूच्या साथीत असा प्रसंग न आलेले घर विरळाच. दुसऱ्याच्या देहातील रक्ताची ती पिशवी आपल्या माणसाच्या उशाशी निर्धास्तपणे टांगता यावी म्हणून या देशाला काय काय शिकावे लागले, त्यातला एक मोठा धडा या जेमतेम तीस किलोमीटरांच्या लोहमार्गाच्या कडेने गिरविला गेला आहे.

समुद्रकाठच्या बीच स्थानकावरून गाडी निघते. मुंबईत विजेची गाडी १९२५ मध्ये धावली. तिच्यामागून सहाच वर्षांनी, १९३१ मध्ये, बीच ते तांबरम हा मार्ग विजेवर चालू लागला. रूळ मात्र अरुंद, मीटरगेजचे. त्या लहानखुऱ्या गाड्या पुढे २००४ पर्यंत चालू होत्या आणि जुनी माणसे अजून त्यांची आठवण काढतात. आताच्या गाड्या रुंद रुळांच्या असल्या, तरी सकाळच्या वेळी दाराशी उभे राहावे लागते, हे मुंबईकरांस सांगावयास नकोच.

फोर्ट स्थानक मागे पडले की लगेच पार्क येते. येथे उतरले की जवळच जुने जनरल हॉस्पिटल आणि त्यास जोडलेले मद्रास मेडिकल कॉलेज लागते. आपल्या प्रवासातील पहिला मुक्काम हाच.

१९८५ च्या अखेरीची गोष्ट. एड्स हा तेव्हा अमेरिकेतील आणि युरोपातील रोग समजला जाई. आपल्या देशाच्या कुटुंबसंस्थेत आणि नीतिबंधनांत तो शिरकाव करू शकणार नाही, अशी सुशिक्षितांचीही समजूत होती. या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या डॉ. सुनीती सॉलोमन यांस ही समजूत पटेना. समजुतीस पुरावा हवा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी एस. निर्मला या आपल्या विद्यार्थिनीस प्रबंधासाठी हाच विषय दिला. देहविक्रय करणाऱ्या ज्या स्त्रिया सरकारी निरीक्षणगृहात ठेवल्या जात, त्यांच्या रक्ताचे नमुने निर्मलाबाईंनी गोळा केले. साठवणीची नीट सोय नसल्याने त्यांनी ते आपल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. मद्रासमध्ये तपासणीचेही साधन नव्हते. म्हणून १९८६ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या पेटीत नमुने घालून त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. पहिल्याच तपासणीत सहा नमुने दूषित निघाले. ज्याची खूण सापडणार नाही असे सगळे म्हणत होते, तो एचआयव्ही हा विषाणू देशात आधीच येऊन राहिला होता.

या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये कातड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबात १९३९ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुढे १९९३ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली आणि तिला आपल्या वडिलांचे, वाय. आर. गायतोंडे यांचे, नाव दिले. ज्या रोग्यांस शेजारी दारात उभे करीत नव्हते, त्यांची या संस्थेत जवळ बसवून विचारपूस होई. २०१५ मध्ये सुनीतीबाई निवर्तल्या. २०१७ मध्ये सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. महाराष्ट्रात त्यांचे नाव जितके ठाऊक असावयास हवे तितके नाही, असे मला वाटते.

आता आपण विचाराल, या शोधाचा रक्ताच्या पिशवीशी संबंध काय? संबंध असा की, जो विषाणू माणसांच्या रक्तात आहे तो रक्तपेढीच्या बाटल्यांतही असणारच. त्या काळी शहरोशहरी रक्त विकत मिळे. पैशासाठी वरचेवर रक्त देणाऱ्यांचा एक वर्गच होता. उपाशी पोटी, व्यसनापायी, कधी आठ-पंधरा दिवसांत दोनदाही ही माणसे बाटली भरून देत. अशा माणसास "तुम्हांस काही आजार आहे काय?" असे विचारून उपयोग कोणता? खरे सांगितले तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडणार! १९८९ मध्ये रक्ताची एचआयव्हीसाठी तपासणी करणे सक्तीचे झाले. पण परवान्याविना चाललेल्या पेढ्यांस सक्ती कोण करणार? अखेर 'कॉमन कॉज' या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ४ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. प्रत्येक रक्तपेढीस परवाना हवा, रक्ताच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय व राज्य परिषदा हव्यात आणि रक्ताची विक्री दोन वर्षांत बंद व्हावी. त्याप्रमाणे १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. कायद्याच्या पुस्तकातील हा एक कोरडा दिनांक. पण किती घरे त्याने वाचविली असतील!

असो. गाडी पुढे निघाली आहे. एग्मोर गेले, आता चेटपेट. येथे क्षणभर बाहेर पाहावे. क्षयरोगावर औषधे नुकतीच हाती आली असताना, १९५६ मध्ये, या भागात क्षय-रसायनोपचार केंद्र सुरू झाले. शहरातील गोरगरीब रोग्यांचे दोन गट करून एकास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास घरीच गोळ्या दिल्या. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि जगभरचे वैद्य चकित झाले. नियमाने औषध घेतले, तर दाटीवाटीच्या घरातही रोगी तितकाच बरा होतो आणि घरच्यांसही त्याचा अधिक उपसर्ग होत नाही! आरोग्यधामांचे युग येथून मावळू लागले. हे ध्यानात ठेवावे, कारण आपण उतरणार आहोत ते स्थानकच मुळी 'तांबरम सॅनेटोरियम' या नावाचे आहे.

मांबलम, सैदापेट, गिंडी. उजवीकडे सेंट थॉमसचा डोंगर दिसतो, मग मीनंबाक्कमचा विमानतळ. पल्लावरमनंतर क्रोमपेट. या गावाचे नाव क्रोम लेदर कंपनीवरून पडले आहे. क्रोम क्षारांनी कातडे कमावण्याचा तो कारखाना. गायतोंड्यांचा व्यापारही कातड्याचाच. म्हणून येथे आले की मला सुनीतीबाईंची आठवण होते, इतकेच. नात्याचा दुसरा धागा जोडण्याचे कारण नाही. पुढचे स्थानक सॅनेटोरियम. येथे उतरावे, खुद्द तांबरम त्याच्या पुढचे.

टेकडीच्या पायथ्याची ही मोकळी, कोरडी जागा हेरली ती डॉ. डेव्हिड चौरी मुत्तू यांनी. इंग्लंडात मेंडिपच्या डोंगरांत त्यांचे स्वतःचे आरोग्यधाम होते. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन १९१७ मध्ये आजारी पडले, तेव्हा काही काळ तेथेच त्यांच्या देखरेखीखाली होते. ऊन, मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न यांपलीकडे क्षयावर उपाय नव्हता तो काळ. स्वदेशी परतून मुत्तूंनी १९२८ मध्ये येथे आरोग्यधाम उघडले; १९३७ मध्ये ते सरकारने घेतले. गावाबाहेर, झाडीत, माणसांपासून दूर. रोग्याच्या भल्यासाठी दूर, आणि खरे बोलावयाचे तर गावकऱ्यांच्या भीतीमुळेही दूर.

चेटपेटच्या प्रयोगानंतर अशा जागांचे प्रयोजन कमी झाले खरे. परंतु तांबरमच्या नशिबी दुसरे काम लिहिलेले होते. १९९३ मध्ये एचआयव्हीचे पहिले रोगी येथे दाखल झाले. हा विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो आणि मग दबून राहिलेला क्षय डोके वर काढतो. म्हणून छातीच्या रुग्णालयात हे रोगी येणे स्वाभाविकच. पण तेवढेच कारण नव्हे. इतरत्र त्यांस दारातून परत पाठवीत. तांबरमने पाठविले नाही. बघता बघता शेजारच्या आंध्रातूनही रोगी येऊ लागले आणि हे देशातील या रोगाच्या सर्वांत मोठ्या उपचारस्थानांपैकी एक झाले. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने विषाणूस आवर घालणारी औषधे मोफत देण्यास आरंभ केला. ज्या मोजक्या सरकारी रुग्णालयांत तो झाला, त्यांत मुंबईचे जे. जे. होते आणि तांबरमही होते. आज नियमाने औषध घेणारा रोगी संसार करतो, नोकरी करतो, नातवंडे पाहतो. पूर्वी मरणाची वाट पाहावयास माणसे येथे येत. आता पुढल्या महिन्याच्या गोळ्या घ्यावयास येतात.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. हा रोग जडलेल्या बहुसंख्य लोकांस तो रक्त चढविल्याने झालेला नाही. तो मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, मातेकडून अर्भकास होतो, दूषित सुईने होतो. रक्ताची वाट या सर्वांत अरुंद. पण सर्वांत खात्रीची. दूषित रक्ताची पूर्ण पिशवी ज्यास मिळाली, तो बहुधा सुटत नाही. शिवाय त्याची स्वतःची कसली चूक नाही, सावधगिरीचा कसला मार्ग त्याच्या हाती नाही. तो तर बेशुद्ध पडलेला असतो. म्हणूनच ही वाट बंद करणे हे सर्वस्वी इतरांचे काम ठरते. ते कसे करतात, हे पाहण्यासाठी एका पिशवीचाच प्रवास आरंभापासून पाहू.

रक्त दुसऱ्यास देण्याची कल्पना जुनी आहे. लंडनचे डॉ. जेम्स ब्लंडेल यांनी १८१८ मध्ये माणसाचे रक्त माणसास दिले. पण कोणी वाचे, कोणी तडफडून मरे, आणि का ते कळत नसे. उत्तर दिले व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये. आपल्या तांबड्या पेशींवर जणू पाट्या लावलेल्या असतात. कोणाच्या पेशीवर 'ए'ची, कोणाच्या 'बी'ची, कोणाच्या दोन्ही, कोणाच्या एकही नाही. या शेवटच्यास 'ओ' म्हणावयाचे. आणि जी पाटी आपल्या पेशींवर नाही, तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आपल्या रक्तद्रवात आधीच तयार बसलेली असतात. चुकीचे रक्त आत गेले की ती त्याच्यावर तुटून पडतात, पेशी फुटतात, मूत्रपिंडे बंद पडतात. १९४० च्या सुमारास 'आर-एच' ही आणखी एक पाटी सापडली. आपण "बी पॉझिटिव्ह" म्हणतो त्यातील 'पॉझिटिव्ह' ते हेच. रक्त गोठू नये म्हणून त्यात सोडियम सायट्रेट घालण्याची युक्ती १९१४-१५ च्या सुमारास निघाली आणि मग दात्यास रोग्याशेजारी निजविण्याची गरज उरली नाही. रक्त साठविता येऊ लागले. रक्तपेढी शक्य झाली.

पिशवीचा प्रवास सुईने सुरू होत नाही, प्रश्नांनी होतो. दात्याचे वय १८ च्या वर हवे, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन निदान १२.५ ग्रॅम. काल काही औषध घेतले का? गेल्या वर्षात कावीळ, गोंदण, शस्त्रक्रिया? नुकताच हिवताप? आणि मग ते अवघड प्रश्न, जे विचारताना डॉक्टरही आवाज खाली आणतो. पुष्कळांस हा केवळ उपचार वाटतो. ते डोळे मिटून 'नाही, नाही' अशा खुणा करीत जातात. वस्तुतः सबंध प्रवासातील सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच होय, आणि ती करणारे यंत्र अजून निघालेले नाही. स्वखुशीने आलेल्या दात्यास खोटे बोलण्याचे कारण नसते. मुंबईत लीला मुळगावकर यांनी १९५४ च्या सुमारास स्वेच्छा रक्तदानाची चळवळ उभारली, तिचे खरे मोल येथे कळते.

"आमच्या माणसाला आमचेच रक्त द्या, परके नको," असे नातेवाईक हटकून म्हणतात. त्यांची भावना समजते. पण ती शास्त्रास धरून नाही. थोरला भाऊ सर्वांदेखत पुढे ढकलला गेला, तर त्याने आपले एखादे गुपित त्या क्षणी कोणापाशी उघड करावे? लाजेपायी तो रक्त देऊन मोकळा होतो. शिवाय जवळच्या नातलगाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी क्वचित रोग्याच्या शरीरात ठाण मांडून त्यालाच खाऊ लागतात. तसे होऊ नये म्हणून असे रक्त किरणोत्सर्गाखालून काढावे लागते. अनोळखी माणसाने हसतमुखाने दिलेले रक्त अधिक सुरक्षित, हे आपल्या मनास पटण्यास थोडा वेळ लागतो.

रक्त काढतात ते ३५० किंवा ४५० मिलिलिटर. पूर्वी काचेच्या बाटल्या असत. आता प्लॅस्टिकच्या पिशव्या. पिशव्यांस पिशव्या नळ्यांनी जोडलेल्या असतात, म्हणजे बाहेरची हवा न लागता एकाच रक्ताचे भाग वेगळे करता येतात. ही पिशवी देशातच तयार करण्याचे तंत्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने बसविले, ही दक्षिणेची आणखी एक देणगी. पिशवी यंत्रात वेगाने फिरवितात. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर रक्तद्रव राहतो, मधल्या थरातून प्लेटलेट निघतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसवर सुमारे ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेटना थंडी सोसत नाही. त्या २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या फळीवर ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसांत वापराव्या लागतात. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटसाठी धावाधाव होते तिचे कारण हे. रक्तद्रव मात्र गोठवून वर्षभर ठेवता येतो. अशा रीतीने एका दात्याची पिशवी दोघा-तिघांस पुरते. घरात सायीचे लोणी, ताक, तूप करतात तसाच हा व्यवहार आहे. सगळ्यांना सगळे लागत नाही.

पिशवीबरोबर लहान नळ्यांत घेतलेले रक्त तिकडे तपासणीस गेलेले असते. एचआयव्ही, 'बी' आणि 'सी' प्रकारची कावीळ, उपदंश आणि हिवताप, या पाचांची तपासणी आपल्याकडे सक्तीची आहे. निकाल येईपर्यंत पिशवी वेगळ्या कपाटात असते. एकही तपासणी दूषित आली तर पिशवी नष्ट करतात आणि दात्यास गुप्तपणे बोलावून समजावून सांगतात. निदान सांगावयास हवे. त्याबद्दल पुढे बोलू.

तपासणीलाही एक आंधळा काळ असतो. संसर्ग झाल्यापासून रक्तात त्याची खूण उमटेपर्यंत काही दिवस जातात. त्या अवधीत दात्याचे रक्त तपासणीत स्वच्छ दिसते, पण असत नाही. जुन्या तपासण्यांत हा काळ कित्येक आठवड्यांचा असे. सुधारलेल्या तपासण्यांत तो दोन-तीन आठवड्यांवर आला आणि विषाणूचे बीजद्रव्यच हुडकणाऱ्या 'नॅट' नावाच्या तपासणीत दहा-बारा दिवसांवर. नॅट महागडी आहे आणि सर्वत्र पोहोचलेली नाही. पण ती सर्वत्र पोहोचली तरी ते दहा दिवस उरतातच. आणि त्या दहा दिवसांवर पहारा असतो तो दात्याने प्रश्नांस दिलेल्या उत्तरांचा.

आता रक्तगट. ही तपासणी दोन बाजूंनी करावयाची असते: एकदा पेशींवरील पाटी पाहून, एकदा रक्तद्रवातील प्रतिपिंडे पाहून. दोन्हींचा मेळ बसला तरच गट नक्की. एवढा द्राविडी प्राणायाम कशास, असे कोणास वाटेल. उत्तर आपल्या मुंबईत आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे असे काही लोक शोधून काढले की ज्यांचे रक्त पेशींवरून 'ओ' दिसे, पण कोणत्याही 'ओ' रक्ताशी त्याचे जुळेना. 'ए' आणि 'बी' या पाट्या ज्या खिळ्यावर टांगतात तो 'एच' नावाचा खिळाच त्यांच्या पेशींवर नव्हता. आणि तो सर्वांपाशी असल्यामुळे त्यांना सर्वांचेच रक्त परके. 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि जगाने त्यास 'बॉम्बे' रक्तगट म्हटले. मुंबईचे नाव पालटले, रक्तगटाचे तेच राहिले. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एक असा मनुष्य निघतो. एकाच बाजूची तपासणी करून त्यास 'ओ' ठरविले आणि तशी पिशवी लावली, तर प्राणांवर बेतते. अशा लोकांची यादी ठेवणारी मंडळी आहेत; मध्यरात्री दूरध्वनी आला की एखादा दाता परगावी निघतो.

गट जुळला तरी रोग्याच्या रक्ताचा थेंब आणि त्या विशिष्ट पिशवीतील पेशी एकत्र करून पाहतात. गाठी धरल्या तर पिशवी परत. येथवर सर्व ठीक झाले, तरी शेवटचा धोका उरतोच, आणि तो विषाणूचा नसून नावांचा असतो. एकाच वॉर्डात दोन लक्ष्मी, दोन मुरुगन असावयाचे. चुकीच्या माणसास चुकीची पिशवी लागणे हे रक्तातील अपघातांचे फार मोठे कारण आहे. म्हणून पिशवी टांगण्यापूर्वी दोघांनी मिळून रोग्याचे नाव, नोंदणी क्रमांक, गट, पिशवीचा क्रमांक आणि मुदत मोठ्याने वाचून ताडावयाची असते. आपण उशाशी बसला असाल, तर हे वाचन ऐकावे. कोणी केले नाही, तर नम्रपणे विचारावे. पहिली पंधरा मिनिटे थेंब सावकाश सोडतात. थंडी वाजणे, पाठीत कळ, छातीत दाटणे, अंगावर गांधी उठणे, यांपैकी काही झाले तर तात्काळ परिचारिकेस हाक मारावी. शीतपेटीतून काढलेली पिशवी अर्ध्या तासात लावावी लागते आणि चार तासांत संपवावी लागते. गरम पाण्यात बुडवून ती ऊन करणे हा घातक शहाणपणा होय.

इतके सर्व असूनही २०१८ च्या डिसेंबरात तमिळनाडूच्याच विरुधुनगर जिल्ह्यात एका गरोदर स्त्रीस दूषित रक्त दिले गेले. तिला रक्तक्षय होता म्हणून रक्त लावले होते. गोष्ट उघडकीस आली ती कोणत्या यंत्रामुळे नव्हे. रक्त देणाऱ्या तरुणाने परदेशी नोकरीसाठी स्वतःची तपासणी करविली, तीत आपल्यास एचआयव्ही असल्याचे त्यास कळले. तो गप्प बसला असता तर त्यास कोणी विचारावयास आले नसते. तो आपण होऊन रुग्णालयात गेला आणि म्हणाला की माझे रक्त कोणास देऊ नका. तोवर उशीर झाला होता. पुढे चौकशीत निघाले की, दोन वर्षांपूर्वीही त्याने रक्त दिले होते, तेव्हाच दोष आढळला होता, आणि ती बातमी त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्या स्त्रीची अवस्था ऐकून तो स्वतः जगू शकला नाही. त्याने विष घेतले.

वृत्तपत्रांनी तेव्हा यंत्रे, किट आणि निष्काळजी यांबद्दल पुष्कळ लिहिले, आणि ते योग्यच होते. माझ्या मनात मात्र राहतो तो न गेलेला निरोप. नुसती पिशवी फेकून पेढीचे काम संपत नाही. ज्याची पिशवी फेकली तो माणूस बाहेर रस्त्यावर आहे, त्यास काही ठाऊक नाही, आणि पुढच्या शिबिरात तो पुन्हा आनंदाने बाही वर करणार आहे. त्याला शोधून, एका खोलीत बसवून, न घाबरविता सांगणे हे रक्त तपासण्याइतकेच तांत्रिक काम आहे. ही सांगण्याची विद्या आपल्या देशात ज्या ठिकाणी घडली, त्यांत सुनीतीबाईंची संस्था येते आणि तांबरमचे हे जुने आरोग्यधामही येते. "तुम्हांस हा रोग आहे, पण तुम्ही मरणार नाही, आणि तुम्हांस येथून कोणी हाकलणार नाही," हे वाक्य ज्या दाराशी खरेपणाने उच्चारले जाते, तेथेच माणूस तपासणीस यावयास धजतो.

आवारातून बाहेर पडले की राष्ट्रीय सिद्ध संस्थेची इमारत दिसते. सिद्ध ही तमिळ देशाची जुनी वैद्यकपद्धती. पुढे महामार्ग, त्यावरील फळवाले, बसची गर्दी. खुद्द तांबरमला जावयाचे असेल तर एकच स्थानक आहे. १९३७ मध्ये मद्रासहून हलविलेले ख्रिश्चन कॉलेज तेथे दाट झाडीत वसले आहे आणि ते पाहण्याजोगे आहे. परतीची गाडी मात्र तांबरमलाच धरावी, बसावयास जागा मिळते.

आपण घरी परतल्यावर रक्त देण्याचे मनात आले, तर पोटभर जेवून जावे, रात्रीची झोप झालेली असावी. सुई टोचल्यापासून पिशवी भरेपर्यंत दहा मिनिटेही लागत नाहीत. नंतर थोडे पडून राहावे, चहा-बिस्किटे नाकारू नयेत, दिवसभर पाणी अधिक प्यावे. गेलेला द्रव एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत. पुरुषांस तीन महिन्यांनी आणि स्त्रियांस चार महिन्यांनी पुन्हा देता येते. निघताना पेढीचा दूरध्वनी क्रमांक तेवढा लिहून घ्यावा: एक-दोन दिवसांत ताप आला किंवा प्रश्नांच्या वेळी सांगावयाचे राहून गेलेले काही आठवले, तर तो लावता येतो, आणि आपली पिशवी अजून कपाटातच असते.